पंचाहत्तर टक्के हजेरी

कल्याण दहिफळे सर आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. मी विज्ञान शिकवतो. पाथर्डी तालुक्याच्या टोकाला, बीडची हद्द जिथं सुरू होते तिथं आमचं हायस्कूल आहे. बावीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबे उघडले, त्यामुळं पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

सरांना एकच नाद होता, वादविवाद स्पर्धेचा. नगरला दर जानेवारीत एक ट्रस्ट आंतरशालेय स्पर्धा भरवतो. आठवी ते दहावीची मुलं, प्रत्येक शाळेचा दोघांचा एक संघ. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. चार मिनिटं भाषण, दोन मिनिटं खंडन, हातात कागद चालत नाही. सर ऑगस्टपासूनच मुलं निवडायला लागायचे. शाळा सुटली की त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचे आणि स्वतः व्हरांड्यात बसून ओरडायचे, "ऐकू येत नाही! मागच्या रांगेतल्या माणसाला सांग!"

काही वर्षांपूर्वी आमचा संघ अंतिम फेरीत हरला. जिंकलेल्या शाळेची मुलगी कॉलेजात शिकत होती, हे नंतर उघड झालं. नववीचा गणवेश घालून तिला उभं केलं होतं. सरांनी ते प्रकरण लावून धरलं. शेवटी ट्रस्टनं त्यांनाच नियम समितीत घेतलं आणि नियम त्यांनीच लिहून काढला. स्पर्धक त्या शाळेचा नियमित विद्यार्थी असावा, एकतीस डिसेंबरपर्यंत त्याची हजेरी किमान पंचाहत्तर टक्के असावी, तसा वर्गशिक्षकाचा आणि मुख्याध्यापकांचा सहीचा दाखला जोडावा. एक स्पर्धक अपात्र ठरला तर संघ बाद, आणि दाखला खोटा निघाला तर शाळेला तीन वर्षं बंदी. त्या कागदाची झेरॉक्स सरांनी स्टाफरूममध्ये लावली होती. "आता कुणाची हिंमत होणार नाही," असं ते म्हणायचे.

त्यानंतर एका वर्षी सुकन्या आठवीत आली, सरांच्याच वर्गात. वडील बजरंग आणि आई मनकर्णा, दोघंही ऊसतोडीला जाणारे. थोरली बहीण घरी असायची, म्हणून सुकन्याची शाळा कधी बुडाली नव्हती. मुलगी चणीनं बारीक, पण बोलायला लागली की वर्गातला गलका आपोआप थांबायचा. सरांनी तिची जोडी दहावीतल्या रविराजशी लावली. सप्टेंबरमध्ये दोघांचा सराव ऐकून सर मला म्हणाले, "बावीस वर्षांत असा आवाज मिळाला नव्हता हो."

पण त्याच उन्हाळ्यात थोरलीचं लग्न झालं होतं. दिवाळी झाली, ट्रॅक्टर दारात लागला आणि सुकन्याही त्यात बसली. तिकडं दीड वर्षाच्या धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. गाव सोडणाऱ्या मुलांना शाळा एक हमी कार्ड देते. मूल कुठून आलं, कधीपासून आलं, हे त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे तिथली शाळा त्याला बसवून घेते. सरांनी ते भरून तिच्या हातात दिलं.

ती कर्जतकडच्या एका कारखान्यावर होती; धाकटीमुळं तिथल्या शाळेत जाणं तिला जमलंच नाही. आईबाप फडातून परतले की बापाच्या मोबाईलवरून सरांना फोन करायची आणि पाचटाच्या कोपीबाहेर उभी राहून भाषण म्हणून दाखवायची. मागं बैलांच्या घंटा वाजायच्या. सर स्टाफरूममध्ये स्पीकर लावायचे, आम्ही सगळे ऐकायचो.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तिची हजेरी निघाली अठ्ठावन्न टक्के. सरांनी समितीच्या सचिव सविताबाईंना फोन केला. त्या सरांना मानायच्या. त्या म्हणाल्या, "सर, सूट दिली तर उद्या दहा शाळा दहा कारणं घेऊन येतील. हे तुम्हीच बैठकीत सांगितलं होतं ना?"

तिसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरलो तर सर हजेरीपत्रक उघडून बसले होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रकान्यांत सुकन्याच्या नावापुढच्या गैरहजेरीच्या खुणा त्यांनी एकेक करून बदलल्या होत्या. मी बघतोय हे त्यांना कळलं. "पोरगी शाळेचीच आहे," ते म्हणाले. "बोगस नाही." मी काही बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

मुख्याध्यापकांनी दाखल्यावर न वाचताच सही केली. सुकन्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सरांनी तिला फोनवर एवढंच सांगितलं, "शाळेचे असतील नसतील ते सगळे कागद घेऊन ये."

स्पर्धेच्या सकाळी मनकर्णाबाई तिला घेऊन एसटीनं नगरला उतरल्या. आम्ही स्टँडवर होतो. सुकन्यानं गणवेश घातला होता, केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. उसाच्या पाचटानं हात ओरखडलेले होते. रविराजला बघून ती हसली आणि तिथंच दोघांची खंडनाची तालीम सुरू झाली.

सभागृहाच्या दारात कागद तपासायचं टेबल होतं. सुकन्यानं पिशवीतून सगळं काढून नीट मांडलं. आधार कार्ड, फोटो, दाखला आणि त्याच्या शेजारी हमी कार्ड. सर चार पावलं मागं होते. ते पुढं येईपर्यंत टेबलावरच्या बाईंनी कार्ड उचललं होतं.

"हे काय गं?"

"हमी कार्ड हाय मॅडम. आमी ऊसतोडीला गेल्तो ना. दिवाळीपासनं तिकडंच हाय."

"आणि इथं तर ब्याऐंशी टक्के हजेरी लिहिलीय."

सुकन्यानं मागं वळून सरांकडं पाहिलं. सविताबाईंना बोलावलं गेलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. दोन्हींवर एकच सही होती.

"सर, ही तुमची सही?"

"हो. माझीच."

मागं रांग होती. दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक मोठ्यानं म्हणाले, "समितीवालेच बोगस पोरं आणायला लागले आता." सविताबाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी संघ बाद केला. दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. रविराज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दहावीत असल्यानं त्याची ती शेवटची संधी होती.

सुकन्या सरांजवळ आली. "मी चुकीचं बोलले का सर?"

"नाही बाळा. तू खरं बोललीस."

"मग मला बोगस का म्हनले?"

सरांनी टेबलावरचे तिचे कागद गोळा करून पिशवीत घातले. बाहेर पायरीवर मनकर्णाबाई बसल्या होत्या. आम्हाला येताना बघून त्या उठल्या आणि हसून विचारलं, "झालं बी? नंबर आला का?"

शाळेवर तीन वर्षांची बंदी आली. आमच्या शिक्षण संस्थेनं चौकशी लावली, आणि सरांनी सगळं लेखी कबूल केलं. मुख्याध्यापकांचं नाव त्यांनी कुठंही घेतलं नाही. सरांची बदली भंडारदऱ्याच्या बाजूच्या शाखेत झाली. निरोप समारंभ नको म्हणाले. रविराजचे वडील मात्र गाठून बोलले, "तुमच्या एका पोरीपायी माझ्या पोराचं वाटोळं केलं." सरांनी हात जोडले.

पुढच्या दिवाळीनंतर ते रजा टाकून गावात आले. सुकन्या नववीत बसलीच नव्हती. त्यांनी तिच्यासाठी एका वसतिगृहात जागा बघून ठेवली होती, म्हणून आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. अंगणात ट्रॅक्टर भरत होता. मनकर्णाबाई सरळ उभ्या राहू शकत नव्हत्या, त्यांच्या मणक्यात काहीतरी सरकलं होतं.

"सर, तुमचा राग न्हाई," त्या म्हणाल्या. "पन माझ्याच्यानं आता मोळी उचलत न्हाई. बापासंगं कुनी जायचं?"

सर सुकन्याकडं वळले. "तुझं काय म्हणणं आहे? तू बोल."

ती पाण्याचा ड्रम ट्रॉलीत ढकलत होती. थांबली, ओढणीनं हात पुसले. "मला बोलायला येत न्हाई आता सर. चार मानसं बघाय लागली की पयलं वाक्यच आठवत न्हाई."

"येईल परत. मी शिकवेन."

"नको सर." ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी लई केलं. आता नका काय करू."

ती वर चढून भांड्यांच्या मधोमध बसली. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिनं सरांना हात केला. सरांनी केला नाही. ते ट्रॅक्टरच्या मागं दोन पावलं गेले. मग म्हणाले, "नियम चुकीचा होता का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सही?"

मी घड्याळ बघितलं. त्यांची पाथर्डीची गाडी चुकेल म्हणून आम्ही फाट्याकडं चालायला लागलो.

त्या हंगामात सुकन्यानं बापाबरोबर पहिल्यांदा कोयता धरला. पंधरा वर्षांची होती.