धुराची वैरीण

पार्लरवाल्या बाईंचं धुराशी हाडवैर होतं. चार वर्षांच्या लेकीला दमा, तेव्हा वैर असणारच म्हणा. शेजारी भाजी करपली तरी यांच्या खिडक्या धाडधाड बंद. सासऱ्यांची सिगारेट तर त्यांच्या डोक्यातच जायची. ते बिचारे जिना उतरून रस्त्याच्या कडेला ओढायचे, तरी शर्टाला वास यायचाच. मग बाई सुगंधी फवाऱ्याचा डबा घेऊन त्यांच्या मागे मागे! पार्लरमध्ये दिवसभर हेअरस्प्रे मारणारा हात, घरी तरी कसा थांबणार? सोफा, पडदे, लेकीची उशीसुद्धा सुटायची नाही. गल्लीने त्यांचं नाव 'फुसफुस' ठेवलं होतं. ते त्या हसण्यावारी न्यायच्या.

एका संध्याकाळी लेकीचा श्वास फारच कोंडला आणि बाईंचा तोल सुटला.

"बाबा, तुम्ही भाऊजींकडे जा राहायला. माझी पोर आधी."

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि धाकट्या मुलाकडे निघून गेले.

महिना उलटला, खोकला मात्र तसाच. बाई पुरत्या हवालदिल झाल्या. लेकीला घेऊन दवाखाना गाठला.

"घरात धूर होतो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! धुराला मी दारातसुद्धा उभं करत नाही."

"आई फुसफुस करते ना," लेक मध्येच म्हणाली. "मग मला खोकला येतो."

फुसफुस म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी विचारून घेतलं. "अहो, धूर म्हणजे काहीतरी जळून हवेत उडालेले कण. पण कुठलेही बारीक कण किंवा थेंब हवेत तरंगत राहिले, की ते सगळंच एरोसोल. धूर हा त्यातला एक प्रकार, तुमचा फवारा दुसरा. सिगारेट वाईटच. पण हिच्या छातीला दोन्ही सोसत नाहीत."

इतकी वर्षं वैऱ्यावर पाळत ठेवली आणि त्याच्याच भावंडाला आपल्या हाताने लेकीच्या उशीवर नेऊन बसवलं! स्वतःची एवढी चीड बाईंना कधीच आली नव्हती.

दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी फोन लावला.

"बाबा, चुकलं माझं. घरी या."

"ते राहू दे, पोर कशी आहे?" म्हाताऱ्याने घाईघाईने विचारलं. "अगं, तिथून निघालो तेव्हापासून एकही ओढली नाही मी. थांबला असेल ना गं तिचा खोकला?"

लेक शेजारीच खोकत होती. बाईंनी चटकन फोनवर हात ठेवला.