अण्णांच्या सेटवरची शिट्टी

"ही शिट्टी तेवढी काढून द्या, जाधव. कान किटले आमचे," अण्णा मगदूम म्हणाले आणि शालीत गुंडाळलेला सेट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. रिक्षातून येताना तो त्यांनी मांडीवर धरला होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत माझं रेडिओ दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. अण्णांचं ऑइल इंजिनच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं, पण त्यांचा खरा जीव हॅम रेडिओत. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन लायसन मिळवायचं, घरात सेट लावायचा आणि हवेतून एकमेकांशी बोलायचं. धंद्याचं बोलायला बंदी, राजकारणाचं बोलायला बंदी. मग उरतं काय? एरियल, पाऊसपाणी आणि एकमेकांची चेष्टा. एवढ्या भांडवलावर ही मंडळी तास तास बोलत.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असे दहाबारा जण होते. रविवारी सकाळी सगळे एका ठरलेल्या जागी, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, जमत. त्याला म्हणायचं 'नेट'. अण्णांचं घर हे कंट्रोल स्टेशन. अण्णा एकेक गाव पुकारणार, त्या गावचा माणूस 'हजर' म्हणणार, मग गप्पा सुरू. कंट्रोलचा सेट झोपला की सगळा क्लब झोपला. तो सेट निवडणं आणि चालता ठेवणं हे माझं काम. मला लायसन नव्हतं, त्यामुळे माइकला हात लावायचा नाही. बाकी सगळ्याला लावायचा.

आधीचा सेट लष्कराच्या भंगारातून आलेला. दोन माणसांनी उचलायचा. चालू केला की खोली तापायची. त्याचे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले, तेव्हा अण्णा म्हणाले, आता नवा बघा. त्याच सुमारास पाचगणीच्या एका शाळेतले गोरे मास्तर मायदेशी निघाले होते. त्यांच्याकडे एसएसबीचा सेट होता. मी जाऊन बघितला आणि अण्णांना सांगितलं, डोळे झाकून घ्या.

हे एसएसबी काय, ते सांगतो. जुनी पद्धत एएम. त्यात माल बैलगाडीत भरून गाडीसकट पाठवायचा. माल म्हणजे तुमचा आवाज, गाडी म्हणजे कॅरियर नावाची लहर. एसएसबीत गाडी घरीच ठेवायची, फक्त माल पाठवायचा. निम्म्याहून कमी ताकदीत आवाज दुप्पट लांब जातो. अट एकच, ऐकणाऱ्यानं आपल्या सेटवर आपली गाडी जोडून घ्यायची. नाहीतर नुसतं बदकासारखं क्वॅक क्वॅक ऐकू येतं. बहुतेकांच्या सेटवर ही सोय होती. उरलेले करून घेतील, असं मीटिंगमध्ये ठरलं.

खंडेनवमीला अण्णांनी नव्या सेटची पूजा केली. मुहूर्तावर काटा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि डायलचा लॉक पिळून घट्ट केला. कंट्रोलची जागा आता हलणार नाही, ज्याला यायचं त्यानं इथं यावं! आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराला हात लावत नाहीत. अण्णांनी तो नियम डायलपुरता वर्षभराचा केला. हसू आलं, पण बोलणार कोण?

दिवाळी होऊन गेल्यावर अण्णा शिट्टीची तक्रार घेऊन आले. मी सेट उघडला. पॉवर सप्लाय बघितला, कॉइल बघितल्या, सोल्डरिंग ताजं केलं. दिवसभर चालू ठेवला. शिट्टी नाही. परत नेल्यावर रविवारी अण्णांचा निरोप, शिट्टी आली. असं दोनदा झालं.

"डॉक्टरकडं आल्यावर खोकला जातो तसलं दिसतंय हे," मी म्हणालो. "मीच येतो रविवारी."

रविवारी अण्णांच्या माडीवर जाऊन बसलो. सातारा झालं, कऱ्हाड झालं, इस्लामपूर झालं. आवाज असे स्वच्छ, की माझी कॉलर ताठ झाली. मग अण्णा म्हणाले, "कडेगाव... कडेगाव..."

आणि शिट्टी आली. बारीक, लांबलचक.

"हे बघा तुमचं भूत!" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. मग माइकवर, "कडेगाव गैरहजर. मंडळी, तात्यांना आता गोडी राह्यलेली दिसत न्हाई. पुढच्या रविवारपासून कडेगाव पुकारायचं बंद करू."

कडेगावचे तात्या यादव म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. चार एकर ऊस, मुलं शेती बघायची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांना बाहेर जायचं ठिकाण एकच, हे नेट. रविवारी आंघोळ करून, फेटा बांधून सेटपुढे बसतात, असं सगळे कौतुकानं सांगायचे. तो माणूस न सांगता नेट सोडेल?

शिवाय शिट्टी थांबली होती. बिघाड असा वेळ बघून थांबत नाही.

"अण्णा, कडेगाव परत पुकारा."

"आता कशाला? झालं की ते."

"पुकारा तर."

त्यांनी पुकारलं. ते थांबले आणि शिट्टी आली. मी डायलचा लॉक सैल केला.

"आवं, आवं! मुहूर्ताचा काटा हाय त्यो!" अण्णांनी माझं मनगट धरलं.

"देव रागावला तर माझं नाव सांगा," म्हणून मी डाव्या हातानं डायल केसभर फिरवला. शिट्टी खाली आली. आणखी केसभर. ती जाड झाली, घुमली आणि विरून गेली. तिच्या जागी माणूस बोलत होता.

"...कडेगाव हजर हाय. ऐकू येतंय का कुनाला? कडेगाव हजर हाय. ओव्हर."

तात्या अजून जुन्या एएमवर होते, गाडीसकट माल पाठवत होते. आमच्या सेटनं आपली गाडी आधीच जोडलेली. दोन गाड्या जवळजवळ चालल्या की एकमेकींना घासतात, तीच ती शिट्टी. बरोबर एकीवर एक आणल्या की शिट्टी जाते आणि माल हाती लागतो. सगळ्या नेटला ती शिट्टी ऐकू जात होती. सगळेच वैतागत होते.

"तात्या! आवं तात्या, ऐकू येतंय!" अण्णा माइकवर ओरडले. पण तात्यांच्या सेटवर अण्णा बदकच होते. पलीकडे पुन्हा तेच, "ऐकू येतंय का कुनाला?"

अण्णांनी नेट तिथंच बंद केलं. जेवण केलं नाही. जीप काढली, मला शेजारी बसवलं आणि कडेगाव गाठलं.

तात्या सोप्यात खाटेवर बसले होते. फेटा अजून डोक्यावर होता. अण्णांनी दारातून हाक मारली, आवाजावरून तात्यांनी त्यांना ओळखलं.

"आज वाट वाकडी केली व्हय अण्णा?"

अण्णा खाटेच्या कडेला बसले. मग मीच सगळं सांगितलं.

"तात्या, एका शब्दानं कळवायचं तरी," अण्णा शेवटी म्हणाले.

"काय कळवू? क्लबात नवा सेट आला, मानसं पुढं गेली. मला डोळं न्हाईत, सोल्डरिंग हुईना. मी मागं राह्यलो म्हनून समद्यास्नी मागं वढू का?"

"पण तुम्हाला तर काहीच कळत नव्हतं," मी विचारलं. "मग तुमची पाळी आली हे कसं समजायचं?"

"शबूद कळत न्हाई रं गड्या, पर अण्णा थांबतुया ते कळतं. इस्लामपूरवाल्याचं क्वॅक लय लांबतं. त्यो गप झाला की अण्णाचं आखूड क्वॅक, मग गॅप. त्यो गॅप माजा. नाव पुकारलं आन् आपून गप बसलो, ही सवय फौजेनं ठिवली न्हाई."

अण्णांनी त्यांचे पाय धरले. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाले. तात्यांनी त्यांना उठवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

आठवड्यात मी तात्यांच्या रेडिओत लहानसं सर्किट बसवून दिलं, त्यांची गाडी त्यांना जोडून दिली. बटण हाताला लागावं म्हणून त्यावर सुतळी गुंडाळली. पुढच्या रविवारी अण्णांनी आधी सगळ्यांची माफी मागितली. सेट मी निवडला होता, माझ्यावर ढकलणं सोपं होतं. पण ते म्हणाले, "चूक कंट्रोलची," आणि माझं नावही घेतलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. त्याहून जास्त ऋणी तात्यांचा. त्या एका रविवारी जरी ते गप बसले असते, तर मी ती शिट्टी कधीतरी फिल्टर लावून कायमची बंद केली असती आणि वर शाबासकी घेतली असती.

मग अण्णांनी हजेरी सुरू केली. त्या दिवशी साताऱ्याच्या आधी त्यांनी कडेगाव पुकारलं. गॅप पडायच्या आतच उत्तर आलं, "कडेगाव हजर! अण्णा, तुमचा आवाज लय म्हातारा झालाय, ओव्हर."

सगळं नेट हसलं. अण्णांनी हसत हसत डोळे पुसले.

पुढं मी पुष्कळ ठिकाणी नवे सेट बसवले. जुनं काढण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच विचारायचो, याच्यावर अजून कोण बोलतं? बऱ्याच जणांना उत्तर ठाऊक नसायचं. मग मी चहा सांगायचो आणि म्हणायचो, आधी शोधून या, काम उद्या करू.