यापुढे माळफेरी नाही

मागच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं परत माळावर गेलो होतो... मी, बायको आणि नऊ वर्षांची ओवी. या वेळी सोबत कुणी नव्हतं. मी कुणाला बोलावलंच नव्हतं.

मंठ्याहून अर्ध्या तासावरचा हा माळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. तीन वर्षं झाली, महिन्यातल्या एका रविवारी मी तिथं ‘सहकुटुंब माळफेरी’ काढतो. तासाभराची वाट, चढ जवळजवळ नाहीच, आजीआजोबांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळ्यांना झेपेल अशी. मोजे कुसळांनी भरतात, पोरं हरणांच्या लेंड्या शोधतात आणि मी शाळेत अर्धं राहिलेलं भाषण तिथं पुरं करून घेतो.

नियमही माझेच. गाड्या रस्त्यावर ठेवायच्या, स्पीकर लावायचा नाही, कचरा घरी न्यायचा. फार तोऱ्यात सांगायचो मी हे... आता आठवलं की लाज वाटते.

कारण आता तिथं काही नाही. नजर जाईल तिथवर काळं. तरवडाची खोडं तेवढी उभी आहेत, आणि पाऊल टाकलं की राख उडते. दहा मिनिटांतच ओवी म्हणाली, घरी जाऊ या.

हे कसं झालं ते मी बायकोशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी फेरीला जोडून हुरडा ठेवला होता. सात-आठ घरं, गोवऱ्यांची आगटी, कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ... फोटो तुम्ही पाहिलेत, लाइकही केलेत.

निघताना आगटी विझवायचं काम माझ्याकडे होतं. पाण्याचा कॅन हात धुण्यातच संपला होता. मी वरून चार ओंजळी माती लोटली आणि बुटाने दाबली. गोवरी आतल्या आत किती वेळ धुमसते हे मला माहीत नव्हतं असं नाही... मी खेड्यातच वाढलोय. पण पोरं कंटाळली होती, गाड्या सुरू झाल्या होत्या, आणि मला वाटलं, विझेल.

दुपारी वारा सुटला. संध्याकाळपर्यंत सगळा माळ गेला. गावातल्या माणसांनी लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग अडवली, म्हणून कडेची शेतं तरी वाचली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ग्रुपवर फोटो आले आणि त्याखाली निकालही लागला... मेंढरंवाल्यांनीच लावली. पुढं कोवळं गवत फुटावं म्हणून तेच जाळतात, हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्यासोबत हुरडा खाल्लेल्या दोघांनीही तेच लिहिलं. मी वाचलं आणि फोन उलटा ठेवून दिला.

त्या माळावर मेंढरं एकाच घराची. साठीच्या कडूबाई आणि त्यांचा मुलगा. आम्ही दिसलो की लांबूनच हात करायच्या. पाऊस पडेपर्यंत त्यांच्या दीडशे मेंढरांना दोनच आधार... माळावरचं वाळलं गवत, आणि खतासाठी रात्री मेंढरं बसवून घेणारी गावातली शेतं.

तर रविवारी त्या राखेच्या कडेला कडूबाई भेटल्या. स्वतःहून चालत आल्या.

“मास्तर, गावानं आमाला शेतात बसू देनं बंद केलं. म्हनतेत, तुमीच जाळलं. आमी कामून जाळू? आमच्याच मेंढराच्या तोंडचा घास हाय त्यो.”

मी नुसता मान हलवत राहिलो. मग त्या म्हणाल्या, “तुमी फोनात लिवता म्हनं. लोक ऐकतेत तुमचं. मंग आमचं बी लिवा की, आमी न्हाई लावली म्हनून.”

तीच वेळ होती सांगायची. शेजारी बायको उभी होती... आणि मी म्हणालो, “लिहितो, मावशी.”

त्यांनी मला हात जोडले. ओवीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “त्यांनी तुम्हाला हात जोडले, आणि तुम्ही जोडू दिले.”

सोमवारी लिहायला बसलो. ‘आगीबाबत उलटसुलट चर्चा आहे, कुणावरही आरोप करू नयेत’ असलं काहीतरी गुळमुळीत लिहिलं आणि खोडलं. मंगळवारीही तेच. शाळेत काय म्हणतील, पालक काय म्हणतील, ओवीला वर्गात काय ऐकावं लागेल... भित्र्या माणसाला कारणांची कमी नसते.

काल शाळा सुटल्यावर गेलो. म्हटलं, आधी तोंडावर सांगू, मग लिहू. तर त्यांच्या मेंढरांचा वाडा उठला होता. लेंड्या पडलेल्या आणि तीन दगडांची चूल, बास.

कडेच्या शेतातला माणूस म्हणाला, “परवाच गेली ना ती. चारा न्हाई, कोनी बसू देईना, मंग थांबून काय करतेन?” कुठं गेले ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन मेंढ्या व्यायला झाल्या होत्या, त्याही तशाच चालवत नेल्या म्हणे.

तर आता लिहितो. आग कडूबाईंनी लावली नाही, त्यांच्या मुलानंही नाही. ती माझ्या आगटीतून गेली. तालुक्याच्या ग्रुपवरही हेच टाकतोय, माझ्या नावानिशी. माळफेरी बंद, त्याबद्दल कुणी विचारू नका. आणि ‘सर, चूक कुणाच्याही हातून होते’ असं कृपा करून खाली लिहू नका.

एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले. मेंढरांना चारा रोज लागतो.