काचेच्या फिल्टरवर जस्त दिसत नाही

"लिमिटमध्ये हाय म्हणजे काय, मॅडम?"

शोभाताईंनी साडी माझ्या टेबलावर उलगडली. मोतिया रंगाची पैठणी. पदराजवळ बारीक काळे ठिपके होते. मी बोट पुढे केलं, तशा त्या घाईघाईनं म्हणाल्या, "हात नका लावू. पसरतंय ते. फुंकर मारली तरी पसरतंय."

शोभाताई येवल्याजवळच्या एका गावात राहतात. घरात दोन माग, एकावर त्या, दुसऱ्यावर त्यांचे यजमान. व्यापाऱ्यानं परत पाठवलेली ही तिसरी साडी होती. गावातल्या विणकरांच्या मंडळानं आमच्या लॅबकडून हवा तपासून घेतली होती. धुळीचं प्रमाण सरकारी मर्यादेच्या आत, असा रिपोर्ट गेला होता. त्यावर सही माझी होती.

"मर्यादेच्या आत हाय, तर मग माझ्या साडीवर हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

भिंगाखाली ठिपका धरला. मातीचा कण असा नसतो. माती खडबडीत, तपकिरी दिसते. हे काळं, मऊ, काजळीसारखं होतं.

"शेताच्या पलीकडं विटांची भट्टी हाय," त्या म्हणाल्या. "तिचाच धूर हाय हा. आमच्या मंडळाला भट्टीविरुद्ध तक्रार करायचीय. तुम्ही फक्त लिहून द्या."

मी नाशिकमध्ये एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट आहे. हवेतली धूळ मोजायची म्हणजे ठरावीक वेळ पंपानं हवा ओढायची, ती एका फिल्टरमधून जाऊ द्यायची, आणि फिल्टरचं आधीचं व नंतरचं वजन करायचं. जे वाढलं ती धूळ. ऐकायला सोपं आहे. गोम फिल्टरमध्ये असते. फिल्टर कशाचा आहे यावर तुम्हाला पुढे काय शोधता येईल हे ठरतं.

येवल्याचं काम आम्ही नेहमीसारखं केलं होतं. मोठा सॅम्पलर आणि काचेच्या धाग्यांचा, वहीच्या पानाएवढा पांढरा फिल्टर. वजनासाठी तो उत्तम. ओल धरत नाही, फाटत नाही. पण धूळ कुठून आली ते तिच्यातल्या धातूंवरून ओळखतात, आणि त्या काचेतच जस्त असतं, बेरियम असतं. अशा कागदावर धुळीतलं जस्त शोधणं म्हणजे मिठाच्या पाण्यात आणखी चिमूटभर मीठ पडलं का, ते चाखून बघण्यासारखं.

मी आमचे मॅनेजर देवरे सर यांच्याकडे गेले.

"सर, येवल्याचं सॅम्पलिंग पुन्हा करायला हवं."

"का? रिपोर्ट चुकला?"

"रिपोर्ट बरोबर आहे. आपण धूळ किती ते सांगितलं. त्यांना धूळ कसली ते हवं होतं."

"मग उरलेल्या फिल्टरपेपरचा तुकडा कापा आणि त्यातलं मेटल मोजा."

मी काचेचं सगळं सांगितलं. काजळीसाठी क्वार्ट्झचा फिल्टर लागेल, कारण कार्बन मोजताना तो भट्टीत तापवावा लागतो आणि क्वार्ट्झ जळत नाही की वितळत नाही. धातूंसाठी टेफ्लॉन लागेल, कारण त्यात स्वतःचं जवळजवळ काहीच नसतं. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. एकच फिल्टर दोन्ही कामं करत नाही.

सरांनी चष्मा काढला. "क्वार्ट्झ आहेत. टेफ्लॉन मागवायला महिना जाईल. तोवर कोण थांबणार?"

मी दाराकडे वळले आणि परत फिरले.

"आहेत, सर. माझ्याकडे आहेत."

ते मिलिंदचे होते. मिलिंद म्हणजे माझा नवरा. आम्ही एकाच लॅबमध्ये होतो. तो फील्डवर, मी वजनखोलीत. वजनखोली थंड आणि कोरडी ठेवावी लागते, खिडकी नसते. वीस वर्षं मी तिथे बसून त्यानं आणलेले फिल्टर तोलले. सिन्नर, पेठ, सटाणा, सगळा जिल्हा मी फिल्टरवर पाहिला. फील्डशीटवर शेऱ्याचा रकाना असतो. त्यात लोक 'सॅम्पलर व्यवस्थित चालला' वगैरे लिहितात. मिलिंद तिथे बारीक अक्षरात काहीबाही लिहायचा. 'पेरू गोड.' 'इथे मोर आहेत.' 'तू यायला हवं होतंस.' मी कधी गेले नाही. वजनखोली सोडून कशी जाणार? पुढच्या वेळी, पुढच्या वेळी असं म्हणत राहिले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी इंदिरानगरच्या आमच्या घरात, चहा घेता घेता तो गेला. हार्ट.

टेफ्लॉनचा तो डबा त्यानं एका कामासाठी मागवला होता. ते काम झालंच नाही. डब्यात फिल्टरच्या नंबरांची यादी होती, त्याच्या अक्षरात. मी तो डबा कपाटात मागच्या बाजूला सरकवून ठेवला होता. लागला असता एकदोनदा, पण मी नाही म्हणून सांगितलं. आता खोटं बोलता येईना. समोर शोभाताईंची साडी होती.

फिल्टर चिमट्यानं उचलले. टेफ्लॉन पातळ असतं, रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट रुंद, कडेला प्लास्टिकची रिंग. त्याच्यावर स्टॅटिक बसते, म्हणजे केसांतून कंगवा फिरवल्यावर त्याला कागदाचे कपटे चिकटतात तसं. ती घालवल्याशिवाय वजन स्थिर होत नाही. काटा नाचत राहतो. स्टॅटिक मी काढली आणि एकेक वजन मिलिंदच्या यादीतल्या नंबरापुढे लिहिलं.

"लावायला वाघ जाईल," देवरे सर म्हणाले. वाघ आमचे फील्डचे जुने माणूस.

"वाघ सॅम्पलर बसवतील. फिल्टर मी लावणार."

"तुम्ही? फील्डवर?"

"हो."

मनमाडला माझं माहेर. वडील तिथे रेल्वेत फिटर होते. आता भाऊ-वहिनी राहतात. तीन दिवस त्यांच्याकडे मुक्काम केला आणि रोज सकाळी एसटीनं येवल्याला गेले. पहिल्या दिवशी बसच्या खिडकीतून कांद्याची शेतं बघत होते आणि वाटत होतं, हे सगळं त्यानं मला रकान्यातून सांगितलं होतं, आणि मी ते शेरे फाइल करून ठेवले होते. शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्यावर पिशवी ठेवली नाही.

सॅम्पलर शोभाताईंच्या गच्चीवर बसवले. एकात टेफ्लॉन, एकात क्वार्ट्झ. एक टेफ्लॉन फिल्टर नुसताच उघडून, हवा न ओढता परत बंद केला. त्याला ब्लँक म्हणतात. हाताळताना काही चिकटलं का, ते त्यावरून कळतं. वाघांनी वारा कुठून येतो ते नोंदवायचं यंत्र काठीवर बांधलं आणि ते नाशिकला परतले. रोज फिल्टर बदलण्याचं काम माझ्याकडे होतं.

गच्चीवरून भट्टी स्पष्ट दिसत होती, तिच्या अलीकडे एक घर, दारात तुळस.

"ते भट्टीवाल्यांचं घर का?" मी विचारलं.

"हां. मीराचं." शोभाताई कठड्याला टेकल्या. "लग्न होऊन आलो तवापासनं आम्ही बाजाराला सोबत जायचो. तिच्याशिवाय मी भाजी घेतली नाय कधी. आता दोन महिने झाले, बोलणं बंद. माझ्या मालकांनी तिच्या मालकाला भर चावडीवर सुनावलं ना, भट्टी बंद कर म्हणून."

"आणि ती?"

"ती येती कधी कधी दारात. इकडं बघती. मीबी बघते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लय वाटतं, जावं. पण कोणत्या तोंडानं?"

मी फील्डशीट भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी क्वार्ट्झचा फिल्टर उघडला. पांढरा घातलेला, राखाडी झाला होता. तेवढ्यात नाकात वास शिरला. कोळशाचा नव्हे. सायकलचं पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात येतो तसा, पण त्याहून जळका. मी गच्चीच्या मागच्या कडेला गेले. खाली पत्र्याची शेड होती. तिथे शोभाताईंचे धाकटे दीर अशोकभाऊ रेशीम रंगवायचं काम करतात. मोठ्या पातेल्याखाली चूल पेटत होती आणि ते तिच्यात जुन्या टायरचे कापलेले तुकडे सारत होते.

टायरच्या रबरात जस्त असतं. रबर पक्कं करताना घालतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे.

त्या क्षणी मला मागे वळून कुणाला तरी सांगायचं होतं. "बघ, बघ" असं म्हणायचं होतं. इतकं मोठं काही बघितलं होतं आणि गच्चीवर मी एकटी. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मागच्या शेडमध्ये चूल, टायरचे तुकडे, सकाळी आठ.' शोभाताईंना काही बोलले नाही. वासावर रिपोर्ट लिहिता येत नाही, आणि एकदा कच्च्या रिपोर्टवर मी सही केलीच होती.

काजळीचे फिल्टर बर्फात घालून पुण्याच्या लॅबला पाठवले. टेफ्लॉनचे मी स्वतः, धातू विरघळवून मोजायला, ॲसिडमध्ये घातले. तिन्ही दिवसांच्या फिल्टरवर जस्त भरपूर आलं. ब्लँकवर जवळजवळ काहीच नाही. मग मुद्दाम एक कोरा काचेचा फिल्टर घेतला, त्याचंही जस्त काढलं आणि आकडा देवरे सरांपुढे ठेवला. कोऱ्या कागदातच इतकं जस्त होतं, की गावाचं जस्त त्यात हरवून गेलं असतं. सरांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे पहिल्याच पेपरवर मेटल काढलं असतं तर?"

"काहीच कळलं नसतं. आणि आपण भट्टीवर बोट ठेवून मोकळे झालो असतो."

पुण्याहून काजळीचा रिपोर्टही तसाच आला, काजळी भरपूर. वाऱ्याची नोंद पाहिली, तर ते तीन दिवस वारा शोभाताईंच्या घराकडून भट्टीकडे वाहत होता, म्हणजे भट्टीचा धूर गच्चीवर येतच नव्हता.

रिपोर्ट पोस्टानं पाठवता आला असता. मी घेऊन गेले. शोभाताईंच्या पडवीत त्या, त्यांचे यजमान आणि अशोकभाऊ बसले. मी आधी भट्टीचं सांगितलं, मग जस्ताचं, मग टायरचं. अशोकभाऊ जमिनीकडे बघत होते.

"लाकूड ओलं असलं का पेटत नाय, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "टायरचा तुकडा टाकला का लगेच धडधडतं. मला काय माहीत, तुमच्याच साडीवर जाऊन बसतंय ते."

"आरं, तू रंगवलेलंच रेशीम ते," शोभाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तूच रंगवलंस, तूच काळं केलंस."

मला वाटलं आता भांडण होणार. पण अशोकभाऊ उठले, शेडमध्ये गेले आणि टायरचे तुकडे पोत्यात भरायला लागले. यजमान त्यांच्या मदतीला गेले. शोभाताई मात्र तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, चहा ठेवलाय, तो उतरवून घ्याल?" आणि चपला घालून शेताच्या बांधानं चालायला लागल्या.

मी पडवीतून बघत होते. कांद्याच्या वाफ्यांमधून त्या भराभर गेल्या. तुळशीपाशी थांबल्या. दारातून मीराबाई बाहेर आल्या. इतक्या लांबून बोलणं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ दोघी नुसत्या उभ्या होत्या. मग मीराबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. मी चहा उतरवला आणि एकटीनं प्याले. माझ्याकडे असं बांधावरून चालत जाता येईल असं घर राहिलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. मनमाडची बस धरली.

पुढे अशोकभाऊंनी गॅसची शेगडी बसवली. महिन्याभरानं त्याच गच्चीवर पुन्हा फिल्टर लावले. क्वार्ट्झ फिकट आला, जस्त कमी झालं. पूर्ण गेलं नाही. रस्त्यावरची वाहनं आहेतच, आणि भट्टीही हवा स्वच्छ करत नाही. रिपोर्टमध्ये तेही लिहिलं. मागावर दुसरी मोतिया साडी चढली आहे, असा शोभाताईंचा फोन आला. मागून कुणीतरी हसत होतं. मीराबाई असाव्यात.

मी आता महिन्यातून एकदा फील्डवर जाते. वजनखोली तेवढा वेळ कुलूपबंद राहते आणि काही बिघडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

देवरे सरांनी सॅम्पलिंगच्या अर्जावर सगळ्यात वर एक नवा रकाना घातला आहे: नेमकं काय शोधायचं आहे? ते ठरल्याशिवाय फिल्टर काढायचा नाही, असा नियम झाला. बहुतेक लोक तिथे 'धूळ' एवढंच लिहितात. मग मी फोन उचलते आणि विचारते, "कसली?"