नंबरात ठेवलेली बॅग

तुमच्यापैकी कोणी अख्खं विमानतळ रिकामं केलंय का? मी केलंय. एकट्यानं. तेही चहा प्यायला जाऊन! हसा, हसा. तुम्हाला हसू येतंय, मी मात्र त्या दिवसापासून बॅग हातातून सोडत नाही.

तर ऐका. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, ग्रेडर. म्हणजे शेतकऱ्याची कापसाची गाडी फाटकावर आली, की तिच्यात पहिला हात घालणारा माणूस. धागा ओढून पाहायचा, कचरा पाहायचा, ओल मोजायची आणि ठरवायचं, गाडी आत घ्यायची की माघारी धाडायची. वीस वर्षं हेच केलं. आपण म्हणू ती प्रत. तोरा विचारू नका!

पण ते दिवस कापसाच्या पडतीचे होते. आजूबाजूच्या तीन जिनिंगांना कुलपं लागलेली. आमचे मालक युनूसशेठ रोज सकाळी बंद मशीनकडे असे बघायचे, जसं कोणी आजारी माणसाकडे बघावं. अशात त्यांनी मुंबईचा एक सूतगिरणीवाला कसाबसा पटवला. तो म्हणाला, उद्या संध्याकाळी पाचच्या आत नमुने टेबलावर पाहिजेत. पटले तर हंगामभराची रुई तुमच्याकडून घेतो. पाचनंतर आलात तर येऊच नका, दुसरा माणूस तयार आहे.

शेठनं मला बोलावलं. "भाऊ, रेल से नहीं जमता. विमान से जाव. पर टाइम पे पोचना हाँ! नहीं तो परसों से गेट पे अपुन दोनों मक्खियाँ मारते बैठेंगे."

विमान! मी आजवर विमान पाहिलं ते खळ्यात उताणं पडून. रात्रीच नागपूरला मेहुण्याकडे जाऊन पडलो. झोप कसली येते? साडेबाराचं विमान, मी साडेआठलाच हजर. हातात एक काळी बॅग. तिच्यात रुईचे बारा नमुने, पेपरात गुंडाळलेले, आणि माझं ओल मोजायचं मशीन. आणि बॅगेवर सत्तर माणसांचा हंगाम.

आत गेलो तर ही भली मोठी लाईन! लवकर आलो म्हणून आपण पहिले असू, असं वाटलं होतं ना मला? अहो, माझ्याआधी अर्धं नागपूर उभं होतं. खिडकीवर एकच मुलगी, आणि तिचं कॉम्प्युटर रुसलेलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. लाईन जागची हलेना. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय आणि मनात पाचाचा आकडा मोठा मोठा होत चाललाय.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही मला ठार वेडा समजाल. आमच्याकडे खरेदी सुरू झाली की गाड्यांची लाईन गावाबाहेर जाते आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. माणूस तितका वेळ उभा राहील का? मग नंबरावर वस्तू ठेवायची. चप्पल, पिशवी, दगड, डबा, काहीही. मागच्याला म्हणायचं, "नंबर धरजो भाऊ, आलोच." आणि खुशाल जेवून या, लग्न लावून या, कोणाची माय व्यालीय त्या वस्तूला हात लावायची! लाईन सरकली की मागचा माणूस तुमची वस्तू पुढे सरकवतो. एकदा तर एकाची छत्री मालकाच्या आधी फाटकावर पोहोचली होती. मी तिलाच विचारलं होतं, "काय आनलं बाई?"

सांगायचं काय, तर वस्तू म्हणजे माणूस. हा आमचा कायदा.

माझ्या मागे एक कोटवाले साहेब उभे होते. चेहऱ्यावरून भले वाटले. मी म्हणालो, "साहेब, जरा नंबर धरता का? मी चहा घेऊन येतो."

साहेब मान हलवून म्हणाले, "हाँ हाँ, बिलकुल. डोंट वरी."

झालं! मी बॅग नंबरावर ठेवली, तिचं तोंड खिडकीकडे केलं आणि निघालो. कोटवाले साहेब कानातल्या वायरीवर दुसऱ्याच कोणाशी बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं.

चहालाही लाईन! तिथं रुमाल ठेवून परत फिरलो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. वर भिंतीतून एक बाई सारखी सांगत होती, कोणीही आपलं सामान बेवारस सोडू नये. मी दर वेळी मान डोलवत होतो. बरोबर आहे बाई. लोकांना सांगावंच लागतं.

चहा पिऊन परत येतो तर काय! लाईन गायब. जिथं माझा नंबर होता तिथं दोर बांधलेला, बंदूकवाले शिपाई आणि एक कुत्रं. लाईन मोडली! आता नंबर गेला, विमान गेलं, शेठचं मशीन गेलं.

मी तसाच घुसलो. शिपायानं छातीला हात लावून मागे ढकललं. "पीछे हटो! बाहर चलो सब!"

"अहो, माझा नंबर आहे तिथं!"

"नंबर-वंबर कुछ नहीं. बाहर!"

सगळ्यांना उन्हात काढलं. साडेदहा वाजलेले. शेजारी डबा घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या, त्यांना विचारलं, "काय झालं हो?"

"कोनीतरी मेला बॅग टाकून पयाला म्हनतेत. बॉम असन त्यात."

"काय सांगता!"

"नाई तं काय. आता कायचं विमान अन् कायचं काय."

माझं टाळकंच सरकलं. एका माणसाच्या मूर्खपणापायी माझे नमुने अडकणार? मी तिथंच भाषण सुरू केलं. "अशा माणसाले भर चौकात उभं केलं पाह्यजे! याच्या घरी कोनी शिकवलं नाई का? वरतून बाई घसा फोडून सांगून राह्यली तरी डोक्यात शिरत नाई!" आजूबाजूच्या चार जणांनी मान हलवली. मला जोर चढला.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तुला तरीही कळलं नाही? नाही कळलं! देवाशपथ सांगतो. बेवारस बॅग म्हणजे कोणीतरी टाकून गेलेली. माझी कुठं टाकलेली होती? माझी नंबरात होती!

आणि मी इथवरच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वेळ चालला होता आणि वाटलं, आपणच पोलिसांना मदत करावी, म्हणजे लवकर सुटका होईल. शिपायाला गाठलं. कोटवाल्या साहेबांकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणालो, "तो मानूस पाहा. मघापासून एकटाच बोलून राह्यला. समोर कोनी नाई, अन् हा हाँ हाँ करते! मले तवाच संशय आलता."

शिपाई साहेबांना बाजूला घेऊन गेला. मी समाधानानं घड्याळ पाहिलं.

दहा मिनिटांत ते परत आले. बरोबर एक मोठे अधिकारी. कोटवाल्या साहेबांचा चेहरा लालबुंद. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्यावर बोट ठेवलं. "यही है! यही आदमी बॅग रखके भागा! बालों में रुई लगी थी, देखो!"

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. रुई होती. ग्रेडरच्या डोक्यातली रुई त्याच्या लग्नातसुद्धा निघत नाही हो! आणि त्या क्षणी, उन्हात उभ्या शंभर माणसांसमोर, माझ्या डोक्यात उजेड पडला. डब्यावाल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

मला एका खोलीत नेलं. टेबलावर माझी बॅग उघडी. बारा पुड्या बाहेर काढलेल्या आणि मध्ये ते मशीन. ओल मोजायचं. वरती काट्याची तबकडी, आत बॅटरी, बाहेर आलेली वायर आणि वायरीच्या टोकाला दोन अणकुचीदार सुया. वीस वर्षं मी ते हातात घेऊन फिरतोय, पण तिथं त्या टेबलावर पाहिलं तेव्हा, खरं सांगतो, मला स्वतःलाच त्याची भीती वाटली.

"ये क्या है?" अधिकारी.

"साब, ये फुटता नहीं. ये... कापूस में पानी कितना है, वो सांगता है."

"कहाँ से आए हो?"

"दिग्रस."

अधिकाऱ्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "दिग्रस? जिनिंगचे ग्रेडर होय का तुमी?"

अहाहा! आपली बोली! मला वाटलं, आता सुटलो. "हो साहेब! अन् तुमी कोनतले?"

"बोरी अरबचा."

"अरे वा! बोरीचा कापूस म्हंजे काय, एक नंबर!"

"हो?" त्यांनी मशीन हातात घेतलं. "माहा बाप दरसाल दिग्रसलेच आनत होता. एक साल गाडी घेऊन आलता. ग्रेडरनं ह्या सुया खुपसल्या अन् म्हने, माल ओला हाय. उन्हात वायवून आना, मंग लाईनीत लागा, शेवटून. तीन दिवस ताडपत्रीवर कापूस पसरून बसला होता बाप. म्या सायकलनं डबा घेऊन गेलतो त्याले."

मी म्हणालो, "मी नसन साहेब."

"नसान बी."

पण असेनही! मी हे इतक्या जणांना म्हटलंय की चेहरे आठवत नाहीत. तीन दिवस तिथं कोण बसलं, काय खाल्लं, मी कधी वळूनही पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला. फार लाज वाटली.

तरी घड्याळ काही थांबत नव्हतं. बारा वाजत आले होते. मी हात जोडले. "साहेब, चुकलं माहं. पन हे नमुने पाचच्या आत मुंबईले नाई पोचले तं जिनिंग बंद पडते. सत्तर मानसं हायेत. एक डाव जाऊ द्या."

"बापानं बी असेच हात जोडले होते," ते म्हणाले. मग मशीनचं बटण दाबलं. "चालते का हे?"

"चालते ना साहेब."

"तयहात पुढं करा."

मी केला. त्यांनी दोन्ही सुया अलगद माझ्या तळव्यावर टेकवल्या. अहो, घामानं हात असा थबथबलेला! काटा उठला तो सरळ शेवटपर्यंत गेला आणि तिथं जाऊन थडकला.

साहेबांनी तबकडी निरखून पाहिली. चेहरा असा सरळ, की एक सुरकुती हलली नाही.

"काका, माल ओला हाय. तिथं पंख्याखाली बसा, हात वायवा. मंग लाईनीत लागा. शेवटून."

मागचा शिपाई भिंतीकडे तोंड करून गदागदा हलत होता.

मी पंख्याखाली बसलो. दोन्ही हात पसरून. मग पुड्या बॅगेत भरल्या, बॅग छातीशी धरली आणि लाईनीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्याच बॅगेनं सगळी विमानं अडवून ठेवली होती, म्हणून माझंही विमान मिळालं. मिळालं, पण शेजारच्या खुर्चीत कोण? कोटवाले साहेब! दीड तास ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी माझ्या बुटांकडे.

पाचाला दहा कमी असताना सूतगिरणीवाल्याच्या टेबलावर पुड्या ठेवल्या. त्यानं एकेक नमुना उजेडात धरला, धागा ओढला, पुन्हा ओढला. शेवटी मान हलवली. बाराही पास! हंगाम आमचा!

बाहेर येऊन शेठला फोन लावला. शेठ ओरडूनच विचारत होते, "सब पास हुआ ना भाऊ?"

म्हटलं, "हो शेठ, रुई सगळी पास झाली. नागपुरात ग्रेडर तेवढा नापास झाला."