शनिवारच्या टाळ्या

आमच्या खात्याला नवे साहेब आले तेव्हा मला जळगावच्या त्या कारखान्यात नऊ वर्षं झाली होती. कारखाना ठिबकच्या नळ्यांचा, माझं काम चाचणीचं. लांब टेबलावर नळी ताणायची, प्रत्येक ड्रिपरखाली, म्हणजे पाणी ठिबकतं त्या तोटीखाली, मापाचं भांडं ठेवायचं, तासाभरात कुठे किती पाणी पडलं ते लिहायचं. आकडे जुळले की बरं वाटायचं. नाही जुळले की मी आधी दाराकडे बघायचे, कारण जुन्या साहेबांच्या काळात चूक सापडली की पहिला प्रश्न असायचा, "कोणी केलं?" पहिल्या वर्षी मी एकदा माझ्या हातून बिघडलेला नळीचा तुकडा पर्समध्ये घालून घरी नेला होता. कोणाला दिसू नये म्हणून. आता हसू येतं, तेव्हा रिक्षात बसेपर्यंत मागे वळून बघत होते.

नवे साहेब पुण्याहून आलेले, चाळिशीचे, बोलायला मऊ. पहिल्याच शनिवारी त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. "दर शनिवारी प्रत्येकाने या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं," ते म्हणाले. "इथे कोणालाही बोलणी बसणार नाहीत. उलट आपण टाळ्या वाजवू. चुकल्याशिवाय नवं काही सुचत नाही."

सुरुवातीला कोणी तोंड उघडेना. मग एकाने साच्यात राहिलेली खोट सांगितली. टाळ्या पडल्या. दोन-तीन महिन्यांत चित्रच पालटलं. मला स्वतःला इतकं मोकळं वाटायला लागलं, की कित्येक वर्षं वहीत नुसतीच रेखाटून ठेवलेली एक कल्पना मी बाहेर काढली. ड्रिपरच्या आत पातळ रबरी चकती बसवायची. पाण्यात क्षार असले की ड्रिपरचं तोंड बुजतं. चकती पाण्याच्या दाबाने हलत राहिली तर तोंड आपोआप साफ होईल. साहेबांना कल्पना फार आवडली. चाचणीत ती चाललीही.

"आता शेतात लावा," साहेब शनिवारच्या बैठकीत म्हणाले.

"अजून महिनाभर टेबलावर बघते ना, सर."

"किती बघणार? फसलं तर फसलं. शिकू."

त्या बैठकीत कोपऱ्यात नाना बसले होते. नाना आमच्या खात्यातले सर्वांत जुने, यंत्रावर हयात काढलेले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवल्यासारखे केले आणि पुन्हा खाली बघितलं. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही. टाळ्या चालू होत्या.

शेत मिळालं शिंदखेड्याजवळ. सगळे आबा म्हणतात अशा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची अर्धा एकर पपई. मी धुळ्याची, त्यामुळे तिकडची अहिराणी बोली माझ्या कानातली, आणि आबांचं माझ्याशी लगेच जमलं. शेताचं रोजचं सगळं त्यांची सून बघायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आम्ही जुन्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि सगळ्या शेतात नव्या पसरल्या. पाणी सुरू झालं. प्रत्येक बुंध्याशी एकसारखं टिपटिप पडताना पाहून मी परत आले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "ताई, झाडं माना टाकताहेत. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या जीपने निघाले, सोबत नानांना घेतलं. पोचलो तर शेताचा खालचा निम्मा भाग सुकलेला. पानं लोंबत होती, फुलं गळून मातीवर पडली होती. मी ड्रिपर कापून पाहिला. आतली चकती फुगून तोंडावर घट्ट बसली होती. पाणी येणार कुठून?

"मध्ये नळीतून काही सोडलं होतं का?" मी विचारलं.

"ॲसिड," सून म्हणाली. "क्षार धुवायला सोडतोच की. सगळेच सोडतात."

सगळेच सोडतात हे मलाही माहीत होतं. टेबलावर मी साधं पाणी वापरलं होतं; ॲसिडने रबर फुगतं का, ते पाहिलंच नव्हतं.

आबांनी आम्हाला सावलीत बसवून चहा सांगितला. सून मात्र उभीच राहिली. रागाने नाही, अगदी शांतपणे अहिराणीत म्हणाली, "ताई, चूक तुमनी शे, पन पानी आमना झाडेसले नई भेटनं."

मी उठून जुन्या नळ्यांची गुंडाळी उचलली. संध्याकाळपर्यंत मी, नाना आणि सून अशा तिघांनी मिळून जुन्या नळ्या पुन्हा पसरल्या.

परतताना धुळ्याच्या अलीकडे जीप चहाला थांबली. नानांनी कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "हे रबर मी लावून पाहिलंय. सोळा वर्षं झाली. असंच फुगलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जुन्या साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर असं झाडलं, की मी ते ड्रिपर भंगारात टाकले. कागदही ठेवला नाही. पुढे कधी विषय काढला नाही."

"पण नाना, आता का नाही बोललात? आता तर कोणी रागवत नाही."

"तू त्या दिवशी सांगत होतीस, सगळे खूश होते, टाळ्या वाजवत होते. त्यात मी उठून म्हणू, की हे होणार नाही? म्हातारा आडवा येतो म्हणाले असते." मग त्यांनी भर घातली, "आणि खरं सांगू का, लाज वाटली. सोळा वर्षांनीही."

मला नानांचा राग आला. जळगाव येईपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण घरी पोचेपर्यंत त्या रागातला बराचसा वाटा माझ्याच पदरात आला होता. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले होते.

शनिवारी मी उभी राहून सगळं सांगितलं. नानांचं तेवढं वगळलं. सांगून झाल्यावर साहेबांनी सवयीने टाळ्या वाजवायला हात उचलले.

"सर, टाळ्या नकोत," मी म्हणाले. "फसलं माझं, पण गेली त्यांची झाडं. ते या खोलीत नाहीत."

मला वाटलं, आता साहेब दुखावणार. तेवढ्यात कोपऱ्यातून नाना उठले आणि सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. चार-पाच वाक्यांत. सांगताना ते टेबलाची कड धरून उभे होते.

सोमवारी साहेब माझ्याबरोबर शिंदखेड्याला आले. सुकलेल्या ओळींमधून शेवटपर्यंत चालत गेले आणि आबांसमोर हात जोडले. कारखान्याने पपईची रोपं पुन्हा लावून दिली, पण गेलेला हंगाम कोणी परत देऊ शकत नव्हतं. त्यानंतर खात्यात एवढं बदललं, की शेतकऱ्याकडे जाण्याआधी नवी वस्तू कारखान्यामागच्या आमच्याच जमिनीवर, बोअरच्या पाण्याने आणि मधूनमधून नळीत ॲसिड घालून पूर्ण हंगाम चालवायची. आणि कोणतंही काम हाती घेताना आधी विचारायचं, की हे पूर्वी कोणी करून पाहिलंय का. शनिवारची बैठक अजून होते. टाळ्या कोणी बंद केल्या नाहीत, हळूहळू आपणच थांबल्या.

चुकायला मोकळीक हवी का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. ती नसती तर माझी चकती वहीतच राहिली असती, आणि नानांची गोष्ट नानांबरोबर घरी गेली असती. पण चुकण्याची हौस मला आता वाटत नाही. चूक सांगायला धीर लागतो तसा, समोरचा उत्साहात असताना 'थांब' म्हणायलाही लागतो, आणि त्यासाठी आमच्या खोलीत जागाच नव्हती.

चकतीचं रबर बदलून बदलून तिसऱ्या खेपेला जमलं, तेही पूर्ण नाही. गेल्या वर्षी मी पुन्हा आबांकडे गेले. त्यांनी नवी चकती बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाले, "एकच वळ लावा. बाकीनं जसं शे तसं राहू द्या."

एक ओळ लावली. सून दर पंधरवड्याला फोन करते. परवा सांगत होती, सातव्या झाडाचं पाणी कमी पडतंय, बाकी ठीक आहे. गुरुवारी जाऊन बघायचं ठरलंय. निवृत्त झालेले नानाही येतो म्हणालेत.