शेवंतीचे बल्ब आणि माझी काचेची टाकी

केडगावच्या माझ्या साडूने माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला माशांच्या टाकीतली प्लास्टिकची झाडं पाहून चार पाहुण्यांत म्हटलं होतं, "पाव्हणं, पैसा आला, पर जित्तं काय उगवत न्हाई तुमच्या घरात." पाइप-मोटारींच्या धंद्यात मी शून्यातून वर आलोय. असलं बोलणं मी विसरत नाही. दिवाळीपर्यंत टाकीत खरी झाडं वाढवायची आणि याचं तोंड बंद करायचं, असं ठरवलं.

झाडं लावली, पण अंधाऱ्या हॉलमध्ये ती पिवळी पडू लागली. शिरूरच्या मासेविक्रेत्याने पांढरा एलईडी दिवा दाखवला. याचा उजेड तळापर्यंत जातो, म्हणाला, पण दिवसातून सात-आठ तासच लावा. भाव ऐकून मी डबा काउंटरवर आपटला आणि त्याला लुटारू म्हणून बाहेर पडलो.

साडू शेवंती करतो. लवकर कळी धरू नये, झाड वाढत राहावं म्हणून त्याच्या वावरात रात्री बल्बांच्या माळा पेटतात. टाकीसाठी एक माळ मागितली तर म्हणाला, घेऊन जा, आमची झाडं यावरच कमरेला लागली. ती पिवळी माळ मी टाकीवर बांधली आणि रात्रंदिवस चालू ठेवली. पानं कुजली. काचेवर शेवाळ इतकं चढलं की मासे दिसेनात.

दिवाळीला तो आला, वाकून बघितलं आणि हसला. शेवंतीला दिवसभर ऊन असतं, बल्ब नुसते रात्री झाडाला फसवायला, हे त्याने तेव्हा सांगितलं.

"मग आधी का बोलला नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? फुकटची माळ दिसली, उचलली."

मी माळ प्लगसकट उपटली आणि त्याच्या तोंडावर हाणली. बल्ब फुटले. त्याने माझी गचांडी धरली आणि आम्ही दोघं टाकीवर कोसळलो. हिरवं पाणी फराळाच्या ताटांतून वाहिलं. रक्त त्याच्या कपाळातून आलं, माझ्या तळहातातून आलं. बायको बादलीत मासे गोळा करत राहिली. तिची बहीण नवऱ्याला ओढत घेऊन गेली.

नवी टाकी आणली. दिवा त्याच दुकानातून, तासभर घासाघीस करून. आता झाडं पाण्याबाहेर डोकं काढतात. ज्याला दाखवायची तो उंबरा चढत नाही. बायको म्हणते, फोन करा. करायला माझी हरकत नाही. पण तो परत हसला तर ही टाकीही फुटेल, हे तिला माहीत आहे, म्हणून ती फार आग्रह करत नाही.